अर्धा गुण

गुरुवारी रात्री 'लंगडा बगळा' पबमध्ये प्रश्नमंजूषा असते.
बक्षीस : एक गोठवलेली कोंबडी
आणि आठवडाभराची ऐट.
पोस्टमन गेथिन चष्मा कपाळावर सरकवून प्रश्न वाचतो,
आवाज असा की प्रत्येक प्रश्न रजिस्टर टपालाने आलाय,
सही केल्याशिवाय हातात पडायचा नाही.

शेवटी कागद शेजारच्या टेबलाकडे तपासायला द्यायचे,
कुणी आपलंच घोडं दामटू नये म्हणून.
माझ्या वाट्याला तेग्वेन म्हातारीचा आला.
एकटीचाच संघ. वय सत्त्याऐंशी.
संघाच्या नावाच्या जागी लिहिलेलं : "मीच आहे."

प्रश्न एक. लेव्हरब्रेड कशापासून करतात?
"पाच तास उकळा. आई सहा म्हणायची.
खाली लागलं तर भांडं घासायला मला बोलावू नका."
गेथिनच्या कागदावर एकच शब्द होता : शेवाळ.
मी लाल पेन उचललं,
परत ठेवलं.

प्रश्न चार. 'बारा ब्रिथ'चा शब्दशः अर्थ?
"ठिपक्यांचा पाव."
बरोबर. पण ती तिथे थांबली असती तर ती कसली.
"मनुका रात्रभर चहात भिजायला हव्यात.
गेथिन, तुझी बायको घाई करते."
मी पूर्ण गुण दिला
आणि शेरा मोठ्याने वाचला नाही.

प्रश्न सात. आपल्या गावातून शेवटची आगगाडी कोणत्या साली सुटली?
"मंगळवार होता.
टोपल्यांतून पाणी गळत होतं, डबाभर खाडीचा वास.
गार्डाने तिकीट मागितलं नाही.
म्हणाला, आता कुणाला हिशेब द्यायचाय."

प्रश्न नऊ. त्या वर्षी नाताळात पहिल्या क्रमांकावर कोणतं गाणं होतं?
"नाव विसरले, चाल येते.
चॅपलच्या मागच्या खोलीत नाचत होतो.
तिसऱ्या कडव्याला पाद्रीबुवांनी दिवा घालवला.
इद्वालने हात सोडला नाही."
त्यापुढची ओळ खोडलेली,
इतकी गिरवून
की कागदाला भोक पडलेलं.
त्यातून मला टेबलाचं लाकूड दिसत होतं.

आमच्या रोड्रीला ते गाणं ठाऊक, गायक ठाऊक,
किती आठवडे टिकलं तेही तोंडपाठ.
त्याचा बाप तेव्हा जन्मला नव्हता.

"अर्धा गुण देता येतो का?" मी विचारलं.
"कागदावर असेल ते," गेथिन म्हणाला.
कुणाच्या कागदावर, ते काही बोलला नाही.
मी चार अर्धे दिले. गुपचूप.
बेरीज केली आणि जीभ चावली :
तिचे आणि आमचे गुण सारखेच.

मग बरोबरी तोडायला गेथिनने काउंटरवर बरणी ठेवली.
आज सकाळीच वाळूतून काढलेली कॉकल,
नखाएवढी, पन्ह्याळी शिंपली, तोंडं घट्ट मिटलेली.
सांगा किती. जो जवळ, तो जिंकला.
रोड्रीने बिअरच्या पुठ्ठ्यावर घेर मांडला, उंची मांडली,
गुणाकार केला, दोनदा तपासला.
तीनशे ऐंशी.

तेग्वेनने आकडा सांगितला नाही. बरणी मागितली.
दाताळं ओढून ओढून वाकलेली तिची बोटं
काचेभोवती बरोबर बसली.
गाढवाच्या पाठीवर पोतं टाकण्याआधी
हातानेच वजन जोखायचं, तशी तिने ती तोलली,
मग ऐकू येणाऱ्या कानाशी नेऊन एकदाच हलवली.

पब गप्प. डार्टचा खेळसुद्धा थांबला.

"यात तीन मेलेली आहेत," ती म्हणाली.
"वरून मिटलेली, आत नुसती वाळू.
ती धरायची की नाही, ते आधी सांग."

गेथिनने कागद पाहिला,
उलटा करून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

कोंबडीखाली एव्हाना
पाण्याचं तळं झालं होतं.